ऑपरेशन मानेचं, दुखणं खांद्याचं



आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं एक सूत्र आहे. बैठकीत आपण ते दर वेळी म्हणतो आणि पुढे हिशोबाच्या वहीकडे वळतो. या वेळी त्या सूत्रावर थोडं थांबू या. विषय जरा वेगळा आहे. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी मानेचं ऑपरेशन झालं की पुढे खांद्याला काय होतं, आणि त्यावर घरात आणि गटात काय करता येतं, हे आज समजून घ्यायचं आहे.

हा विषय मला एका बैठकीत सापडला. खरं सांगायचं तर मी केलेल्या चुकीतून सापडला.

आपल्या एका गटातल्या ताई आहेत. "माझं नाव छापू नकोस, पण गोष्ट सांग," असं त्या म्हणाल्या, म्हणून नाव लिहीत नाही. त्यांच्या गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग शेक म्हणजे रेडिएशन झालं. कॅन्सर निघाला, ताई घरी आल्या. आम्ही सगळ्या भेटायला गेलो. तेव्हा मीच त्यांना म्हणाले, "ताई, आता उजव्या हाताला अजिबात त्रास देऊ नका. हात हलवूच नका." शेजारणींनी पाणी भरलं, सुनेने वेणी घातली, जावेने दोरीवर कपडे वाळत घातले. चार महिने सगळ्यांनी प्रेमाने केलं.

पाचव्या महिन्यात ताई बैठकीला आल्या. कर्जाचा ठराव होता. अध्यक्षताई म्हणाल्या, "मंजूर असेल तर हात वर करा." सगळ्यांचे हात वर गेले. ताईंचा उजवा हात छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. कुणीतरी हसत म्हणालं, "ताईंचा विरोध दिसतोय!" ताई काही बोलल्या नाहीत. डाव्या हाताने पदर सारखा केला आणि खाली बघत बसल्या.

बैठक संपल्यावर मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून दवाखान्याचे कागद काढले. पासबुकाच्या मागे घडी घातलेला एक कागद होता, त्यावर खांद्याच्या व्यायामाची चित्रं होती. मजकूर इंग्रजीत. दवाखान्यातून निघताना कुणीतरी हातात दिला होता, घाईत काय सांगितलं ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. घरात कुणाला तो वाचता आला नाही, आणि वाचता येणारी मी त्यांना "हात हलवूच नका" सांगून आले होते.

त्यानंतर मी फिजिओथेरपिस्ट ताईंना भेटले, वाचलं, समजून घेतलं. जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते.

कॅन्सर तोंडात, मग मान का कापतात?

हा प्रश्न प्रत्येक घरात पडतो. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याला माहीत आहे. जखमेतली घाण अडवायला तिथल्या गाठी फुगतात. तशाच गाठी मानेतही असतात, त्यांना लसिकाग्रंथी म्हणतात. तोंडातला कॅन्सर पसरायला लागला की बहुतेक वेळा आधी या मानेतल्या गाठींत जातो. म्हणून डॉक्टर तोंडातला भाग काढतात, तेव्हाच मानेतल्या गाठीही काढतात.

कधी कधी हाताला गाठ लागत नसते, तरी मानेचं ऑपरेशन करतात. त्यालाही कारण आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधल्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरवर मोठा अभ्यास केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, त्यांच्यातले तीन वर्षांनी १०० पैकी ८० जण जिवंत होते. ज्यांच्या गाठी पुढे दिसल्यावर काढल्या, त्यांच्यात हेच प्रमाण १०० पैकी ६७ ते ६८ होतं. म्हणजे मानेचं ऑपरेशन जीव वाचवतं. खांद्याच्या भीतीने कुणी ऑपरेशन टाळू नये, हे आधीच सांगून ठेवते.

खांद्याचा संबंध कुठे येतो?

आपल्या डोक्याच्या मागून निघून, मानेवरून खांद्यापर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत एक मोठा स्नायू पसरलेला असतो. त्याचं नाव ट्रॅपेझियस. डोक्यावरून हंडा उतरवला की मानेच्या आणि खांद्याच्या मधे जिथे अवघडतं, ती त्याचीच जागा. पाठीवर पंखासारखं चपटं हाड असतं, त्याला आपण फरा म्हणतो. हा स्नायू त्या फऱ्याला धरून ठेवतो आणि हात वर जाताना त्याला फिरवतो. फरा फिरला तरच हात खांद्याच्या वर जातो.

या स्नायूला हुकूम देणारी एक नस आहे, स्पायनल ॲक्सेसरी नर्व्ह. ही नस नेमकी मानेच्या बाजूने, त्या गाठींच्या मधून खाली जाते. गाठी काढायच्या तर डॉक्टरांना ही नस बाजूला सारावी लागते. कधी कॅन्सर तिला चिकटलेला असतो, मग ती कापावीच लागते.

विहिरीवरच्या पंपाचं उदाहरण घ्या. मोटर चांगली आहे, पाणीही आहे, पण वायरीतून करंट येत नाही. मग मोटर कशी चालणार? इथेही स्नायू जागेवर असतो, पण त्याला हुकूम पोचत नाही. नस कापली नसली तरी ती ताणली जाते, तिला मिळणारं रक्त कमी होतं, आणि ती काही महिने मंद पडते. म्हणून "डॉक्टर म्हणाले नस वाचवली, मग हात का उचलत नाही?" असं वाटलं तर घाबरू नका. असं होतं.

जुन्या काळी ही नस सरसकट काढत असत. अमेरिकेतल्या डॉ. जॉर्ज क्राईल यांनी १९०६ साली मानेच्या या ऑपरेशनची पद्धत मांडली, त्यात गाठींबरोबर बरंच काही काढलं जायचं. रोगी वाचायचे, पण अनेकांचा खांदा पडायचा. पुढे शक्य असेल तिथे नस वाचवायची, अशी पद्धत आली. त्यामुळे त्रास कमी झाला, पण संपला नाही.

त्रास कसा ओळखायचा?

मानेच्या ज्या बाजूला ऑपरेशन झालं, त्याच बाजूच्या खांद्याला हे दिसतं:

- एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली उतरलेला दिसतो. ब्लाउज त्या बाजूने घसरतो, पदर राहत नाही.
- हात बाजूने वर नेताना खांद्याच्या उंचीला अडकतो. समोरून नेला तर थोडा जास्त जातो.
- पाठीवरचा फरा एका बाजूला बाहेर आल्यासारखा वाटतो.
- मानेत, खांद्यात, फऱ्याजवळ ओढ लागते, दुखतं. संध्याकाळी जास्त.
- वेणी घालणं, फळीवरचा डबा काढणं, दोरीवर साडी टाकणं, ब्लाउज घालणं जड जातं.
- मानेची कातडी आणि कानाची पाळी बधिर लागते. ताई म्हणाल्या, "कुडी घालते ते बोटांना कळतं, कानाला कळत नाही."

भाकरी थापता येते, ताट उचलता येतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं हात तर चांगला आहे. मग "कामाच्या वेळी बरा दुखतो" असं बोलणं ऐकावं लागतं. मैत्रिणींनो, हे नाटक नाही. खालची कामं जमतात आणि वरची जमत नाहीत, हेच या दुखण्याचं लक्षण आहे.

माझी चूक कुठे झाली?

नस सुधारायला वेळ लागतो. कुणाला काही महिने, कुणाला वर्ष किंवा त्याहून जास्त. पण दार वर्षभर बंद ठेवलं तर बिजागरी गंजते. पुढे किल्ली मिळाली तरी दार उघडत नाही. खांद्याच्या सांध्याचंही तसंच आहे. दुखतं म्हणून हात छातीशी धरून ठेवला की सांधा आखडतो, त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. मग नस जागी झाली तरी हात वर जात नाही. रेडिएशनमुळे मानेची आणि छातीची कातडी, स्नायू आणखी घट्ट होतात.

म्हणजे पहिलं दुखणं ऑपरेशनचं होतं, दुसरं आम्ही सगळ्यांनी मिळून दिलेल्या आरामाचं. खांद्याला जड वजन नको, पण हालचाल हवी. हे दोन वेगळे आहेत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हा लेख वाचून निदान एवढं तरी लक्षात ठेवा.

रोजचे व्यायाम

सुरू करण्याआधी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारा, "कोणत्या दिवसापासून करू?" छातीचं किंवा दुसरीकडचं मांस घेऊन तोंडात लावलं असेल तर काही दिवस थांबायला सांगतात. परवानगी मिळाली की उशीर करू नका. रेडिएशन चालू असतानाही व्यायाम सहसा सुरू ठेवायचे असतात, तेही विचारून घ्या.

नियम एकच: ताण जाणवला तर चालेल, जोराची कळ आली तर थांबा. प्रत्येक व्यायाम सुरुवातीला ५ वेळा, मग हळूहळू १० वेळा. दिवसातून दोन-तीनदा.

१. आरशासमोर बसणं. ताठ बसा. दोन्ही खांदे एका उंचीवर आणायचा प्रयत्न करा. डोळ्यांनी बघितल्याशिवाय खांदा पडलाय हे कळत नाही.

२. खांदे कानाकडे. दुखऱ्या बाजूचा कोपर उशीवर टेकवा. दोन्ही खांदे कानाकडे उचला, तीन आकडे मोजा, सावकाश सोडा.

३. फरे जवळ. दोन्ही खांदे मागे घ्या, पाठीवरचे दोन्ही फरे एकमेकांजवळ आणा. ५ आकडे मोजा, सोडा. हा फार उपयोगी व्यायाम आहे आणि तो गटाच्या बैठकीत बसल्या बसल्याही होतो.

४. काठीचा व्यायाम. पाठीवर झोपा. दोन्ही हातांत काठी किंवा लाटणं धरा. चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला आधार देत काठी डोक्याच्या दिशेने न्या. जिथे अडेल तिथे थोडं थांबून परत आणा.

५. भिंतीवर बोटं. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा. बोटांनी मुंगीसारखं हळूहळू वर चढा. जिथपर्यंत हात गेला तिथे खडूने रेघ मारा. उतरवतानाही भिंतीला धरूनच उतरवा. दर आठवड्याला रेघ किती सरकली ते बघा.

६. मान. सावकाश उजवीकडे बघा, डावीकडे बघा. कान खांद्याकडे झुकवा. झटका देऊ नका.

पुढच्या टप्प्यात फिजिओथेरपिस्ट थोडं वजन किंवा रबरी पट्टा देऊन व्यायाम करायला सांगतात. कॅनडात अशा ५२ रुग्णांवर १२ आठवड्यांचा एक अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्यांचं खांद्याचं दुखणं आणि अडचण साध्या व्यायामापेक्षा जास्त कमी झाली. पण वजन कधी आणि किती, हे त्यांना दाखवूनच. आपल्या मनाने पाण्याची बादली उचलून व्यायाम करायचा नाही.

नस कापलेली असली तरी व्यायाम वाया जात नाहीत. शेजारचे स्नायू मजबूत झाले की ते बराच भार उचलतात. एक बैल बसला तर दुसऱ्याला जास्त ओढावं लागतं, त्याला खुराक द्यायला नको का?

घरात आणि शेतात

- हंडा, मोळी, खताची पाटी, विहिरीचा दोर, गॅसची टाकी: त्या हाताला आणि खांद्याला नको.
- लेकरू त्या बाजूच्या कडेवर घेऊ नका. खाली बसून मांडीवर घ्या.
- बसल्यावर हात लोंबकळत ठेवू नका. मांडीवर उशी ठेवून त्यावर हात ठेवा. खांद्याची ओढ कमी होते.
- एसटीत वरचा दांडा त्या हाताने धरू नका. धक्का बसला तर खांदा ओढला जातो. जड पिशवीही दुसऱ्या खांद्याला घ्या.
- सुरुवातीला त्या कुशीवर झोपू नका.
- ब्लाउज घालताना आधी दुखरा हात बाहीत घाला, काढताना तो शेवटी काढा. पुढे हुक असलेला सैल ब्लाउज बरा.
- रोज लागणारे डबे वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आणा. कपड्यांची दोरी खाली बांधा.
- हाड सरकलंय म्हणून कुणाकडून हात ओढून बसवून घेऊ नका. हाड जागेवरच आहे. मानेवर जोराची मालिशही नको.
- बधिर कातडीवर गरम पाण्याची पिशवी, तापलेली वीट, फडक्याचा शेक देऊ नका. भाजलेलं कळत नाही.

ताबडतोब दवाखान्यात कधी जायचं?

जखम लाल झाली, पू आला, ताप आला, रक्त आलं, मान किंवा चेहरा अचानक सुजला, श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास व्हायला लागला, मानेत नवी गाठ लागली, किंवा दुखणं कमी होण्याऐवजी दिवसेंदिवस वाढत गेलं तर वाट बघू नका. बोटांना मुंग्या येत असतील, मूठ वळत नसेल तर तेही सांगा. ते या नसेचं लक्षण नाही, कारण दुसरं असू शकतं.

डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

दवाखान्यात गेलं की आपण मान डोलावतो आणि बाहेर येऊन एकमेकींना विचारतो. म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्या.

१. खांद्याची नस वाचवली का, की काढावी लागली?
२. व्यायाम कधीपासून सुरू करू? दाखवून द्याल का?
३. किती वजन किती दिवस उचलायचं नाही?
४. आमच्या जवळ फिजिओथेरपी कुठे मिळेल?
५. हा कागद मराठीत समजावून सांगाल का?

पाचवा प्रश्न विचारायला लाजू नका. तो विचारला असता तर ताईंचे चार महिने वाचले असते. फिजिओथेरपीसाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं आहेत. योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्यांना भेटा.

गटाने काय करायचं?

आपण कर्ज देतो, हप्ता घेतो, गैरहजेरीचा दंड घेतो. आजारी सखीसाठीही थोडं करता येईल. दवाखान्याच्या वारीला सोबत कोण जाणार ते ठरवा. पाणी आणि सरपण भरायला मदत करा, पण तिचा व्यायाम तिलाच करू द्या. घरात सासू, नवरा, सून यांना हे दुखणं समजावून सांगा, कारण तिने स्वतः सांगितलं तर ते कारण वाटतं आणि गटाने सांगितलं तर ऐकलं जातं. उपचाराच्या काळातल्या गैरहजेरीचा दंड माफ करायचा का, यावर बैठकीत बोला.

आणि एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. ताई वीस वर्षं मिश्री लावत होत्या. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. "दात घासायला तर लावतो" म्हणून ती वेगळी होत नाही. तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंडात तीन बोटं न मावणं, यातलं काही असेल तर लगेच दाखवा. ३० वर्षांवरच्या बायकांची तोंडाची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात (आधीचं आरोग्यवर्धिनी केंद्र) होते. आशाताईंना दिवस विचारा आणि गटाने मिळून जा.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

- आपल्या गावात मानेचं ऑपरेशन झालेलं कुणी आहे का? पुरुष असले तरी चालेल. त्यांचा हात कुठपर्यंत जातो?
- "आराम कर" आणि "वजन उचलू नको" यात फरक काय?
- दवाखान्याचा न समजलेला कागद कुणाकुणाच्या घरात आहे? पुढच्या वेळी घेऊन या, मिळून वाचू.

ताईंच्या घराच्या भिंतीवर आता खडूच्या सात रेघा आहेत. पहिली छातीच्या उंचीला आहे, सातवी कानाच्या वर. खांदा अजून थोडा उतरलेला आहे, आणि फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या की तो पूर्ण पहिल्यासारखा होईलच असं नाही. पण वेणी त्या स्वतः घालतात. गेल्या बैठकीत दंडमाफीचा ठराव आला, तेव्हा त्यांनी उजवा हात वर केला. कोपर थोडा वाकलेला होता. सचिवताईंनी तो मोजला आणि वहीत लिहिलं: सर्वानुमते मंजूर.

तुमची,
क्षेत्र समन्वयक